शब्द आणि दाखला

माणसाने आपले नाव-गाव सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते खरे धरावे, या एका साध्या गोष्टीवर आपला निम्मा संसार चालतो. सोयरीक जुळवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, हे खरे. पण ती चौकशी आपण करतो. ‘तुम्ही भले लोक आहात याचा दाखला घेऊन या, मग बसायला पाट देऊ,’ असे दारी आलेल्याला कोणी म्हणत नाही. ज्याला शंका, त्याने चौकशीचे कष्ट घ्यावेत, अशी रीत आहे. ही रीत राज्यालाही लागू आहे की नाही? सणासुदीच्या दिवसांत विषय थोडा रुक्ष वाटेल. पण वाचकहो, तो आपल्या उंबऱ्याशी आलेला आहे.

अमेरिकेत गेली वीसएक वर्षे यावर वाद चालू आहे. तेथे मतदारयादीत नाव घालायचे तर अर्जावर ‘मी या देशाचा नागरिक आहे’ असे प्रतिज्ञेवर लिहून सही करावी लागते. ते खोटे निघाले तर तुरुंग, आणि परदेशी माणूस असेल तर देशाबाहेर रवानगी. काहींना एवढे पुरेसे वाटत नाही. सहीसोबत जन्माचा दाखला, पारपत्र असा पुरावा हवाच, असे त्यांचे म्हणणे. ॲरिझोना राज्याने २००४ साली तसा कायदा केला, कॅन्सस राज्याने २०१३ पासून अमलात आणला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने साऱ्या देशासाठी तसे विधेयक संमत केले. वरवर पाहता मागणी रास्त वाटते. घरच्या वाटणीत शेजारी येऊन बसला, तर आपण तरी ऐकून घेऊ काय?

पण कॅन्ससमध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. साडेतीन वर्षांच्या आत तेथे सुमारे ३१ हजार लोकांचे अर्ज अडकून पडले किंवा रद्द झाले. अर्ज करणाऱ्या दर शंभरांत जवळजवळ बारा! प्रकरण न्यायालयात गेले. अडकलेल्यांपैकी शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक लोक त्या देशाचे नागरिकच होते, असे आढळले. आणि परके किती निघाले? १९९९ पासूनच्या इतक्या वर्षांत यादीत शिरलेले जास्तीत जास्त ३९. त्यांतही पुष्कळसे गैरसमजाने किंवा कारकुनी चुकीने. हे केवळ हिमनगाचे टोक आहे, असे राज्याची बाजू मांडणारे म्हणाले. न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी २०१८ च्या निकालात सांगितले की हिमनग नाहीच. आहे ती वळचणीला लोंबणारी बर्फाची कांडी. २०२० मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम केला.

कोणी म्हणेल, अडकलेल्यांनी कागद आणून द्यावा की! त्यात काय मोठेसे? ज्याच्या कपाटात फाइल आहे त्याला हे मोठेसे वाटत नाही. ज्याला तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, ‘साहेब आज नाहीत’ हे ऐकून परत यायचे आणि पुन्हा मजुरी बुडवायची, त्याला विचारा. तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. परक्याचे एक मत पडले तर माझ्या मताची किंमत रेसभर कमी होते, ही चूक खरीच. पण घरच्या माणसाचे मतच नाकारले, तर त्याची किंमत शून्य होते. दोन्ही चुका तागडीत घालणाऱ्याने हे वजन विसरू नये.

शिवाय कागद म्हणजे तरी काय? मी शाळामास्तर आहे. कागद कसा जन्माला येतो हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्या खेड्यांतील जुन्या शाळांचे जनरल रजिस्टर उघडून पाहा. पानेच्या पाने मुलांचा जन्म १ जूनचा! बाप मुलाला घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘तुम्हीच लिवा गुरुजी, मोठ्या पुराच्या साली झालं पोर.’ गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि १ जून लिहीत. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला निघे, आणि दाखल्यावरून पुढची सारी कागदपत्रे. म्हणजे साऱ्या कागदांच्या तळाशी आहे तो त्या बापाचा शब्दच. मग त्याचा शब्द अपुरा, आणि त्याच शब्दावर शिक्का मारून दिलेला दाखला मात्र खरा, हा न्याय कुठला?

दाखला नसणारे कोण असतात, तेही पाहावे. ही तूट सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत सुइणीच्या हातून घरीच जन्मलेल्या कित्येक कृष्णवर्णीयांची नोंदच कधी झाली नाही. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावणाऱ्या तिकडच्या बाईचे जन्मदाखल्यावरचे नाव तिच्या आजच्या नावाशी जुळत नाही. आपल्याकडे तर ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत! शाळेच्या दाखल्यावर सुमन, शिधापत्रिकेवर सुनंदा. दोघी एकच, हे सिद्ध करता करता बिचारीची पायपीट. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारा, पालातच जन्मलेला, पुरात घर वाहून गेलेला, यांची गोष्टच वेगळी नको. देश त्यांचाही आहे. फक्त कपाट नाही.

‘बँकेत कागद लागतो, मग मतालाच का नको?’ असे हटकून विचारले जाते. बँक, शिधा, परवाना या देण्याच्या गोष्टी आहेत. देणारा अट घालतो. मत सरकार देत नाही, सरकारच मतातून जन्मते. मालकाने नेमलेल्या कारभाऱ्याने त्यालाच उंबऱ्यावर अडवून ‘घर तुमचे कशावरून?’ असे विचारावे, तसे हे होते. यावर कोणी म्हणेल, मालक कोण हाच तर प्रश्न आहे! असेल. तर मग ज्याच्या हाती जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, पारपत्रांचे दप्तर आहे, पोलीस आहेत, त्याने शोध घ्यावा, आक्षेप असेल तो सिद्ध करावा, आणि ज्याचे नाव काढायचे त्याला आधी ऐकून घ्यावे. खोटी सही करणाऱ्याला शिक्षा आहेच. आपल्या १९५० च्या कायद्यातही खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास सांगितला आहे.

हा केवळ भाबडेपणा नव्हे. १९४८ साली, फाळणीची जखम ओली असताना, लाखो निर्वासित छावण्यांत होते. कोणाच्या हाती कसला दाखला असणार? तरीही येथेच कायमचे राहण्याचा इरादा निवेदन केला की त्यांचे नाव यादीत घ्यावे, असे ठरले. पहिल्या निवडणुकीला १७ कोटींवर मतदार नोंदले गेले. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मात्र गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढेच सांगितले. ती उणीव सर्वांना लागली, आणि पुढच्या वेळी अशा स्त्रियांची नोंद व्हावी म्हणून खटपट झाली. त्या गरीब, निरक्षर देशाने माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला, आणि त्याचे काही वाईट झाले नाही. १९९५ साली मुंबई-दिल्लीकडील मतदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याच्या त्या नोंदीला वजन दिलेच पाहिजे. पण २०२५ साली बिहारमध्ये, ज्यांची नावे २००३ च्या यादीत नव्हती त्यांच्याकडे ठरावीक ११ कागदांपैकी एखादा मागण्यात आला. पुढे न्यायालयाच्या सांगण्यावरून ओळखीपुरते आधार कार्ड बारावे झाले. कागदांची संख्या वाढवून प्रश्न सुटत नाही. शंकेचा भार कोणी वाहायचा, हा खरा प्रश्न आहे.

यादी स्वच्छ असावी, याबद्दल दुमत नाही. पण मतदानाचा दिवस हा वर्षानुवर्षांतला असा एकच दिवस, की ज्या दिवशी कचेरीत हात जोडून उभा राहणारा माणूस राज्याला काही देतो. त्या दिवसाच्या तोंडाशीही त्याला पुन्हा हात जोडायला लावले, तर तो नागरिक उरत नाही, अर्जदार होतो. आणि नुसत्या अर्जदारांचे राज्य कितीही नीटनेटके असले, तरी त्याला लोकांचे राज्य म्हणता येत नाही.