हाती काय उरते?

देहविक्रयातल्या कमाईचा अंदाज बांधताना बहुतेक जण एकच गुणाकार करतात: एका गिऱ्हाइकाचा दर, दिवसाची गिऱ्हाइके, महिन्याचे दिवस. आकडा मोठा येतो आणि ‘एवढा पैसा मिळतो, मग सोडतील कशाला?’ हा शेरा ठरलेला. पण या गुणाकारातून धंद्याची उलाढाल कळते, बाईची कमाई नाही.

२०१४ साली ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने हा व्यवसाय राष्ट्रीय उत्पन्नात धरायला सुरुवात केली. तिथे खोलीभाडे, कंडोम, कपडे यांचा खर्च वजा केला जातो. देशाच्या हिशेबाला तेवढे पुरते. पैसा शेवटी कोणाच्या हाती गेला, हे त्याला पाहायचे नसते. आपल्याला मात्र तेच पाहायला हवे.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘आधिया’ची पद्धत चालत आली आहे. समजा, गिऱ्हाइकाने पाचशे रुपये दिले. अडीचशे घरवालीचे, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीचे. उरलेल्या अडीचशेतून मागच्या आजारपणात उचललेल्या पैशाचे व्याज, मूल जिच्याकडे ठेवले तिचे पैसे, गावी पाठवायची रक्कम, कधी हप्ता, कधी कोर्टाचा दंड. अंगावर कर्ज चढलेल्या बाईला मालकिणीच्या वहीत काय लिहिले आहे, हेही पुष्कळदा कळत नाही. ताप आला, छापा पडला, तर त्या दिवशी आवक शून्य. व्याज मात्र चालूच. विकून आणलेल्या किंवा अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर कमाईचा प्रश्नच उद्भवत नाही. ती गुलामगिरी आहे आणि तिच्याकडे गुन्हा म्हणूनच पाहिले पाहिजे.

म्हणजे कमाई आणि कामाची परिस्थिती हे दोन वेगळे विषय नाहीत. प्रत्येक कपातीमागे एक अगतिकता असते, आणि त्यातली बरीचशी कायद्यानेच वाढवली आहे. देहविक्रयाविषयीच्या १९५६ च्या कायद्यानुसार दोन किंवा अधिक जणींनी आपसांतल्या फायद्यासाठी वापरलेली जागाही कुंटणखाना ठरते. मालकीण टाळून चौघींनी मिळून खोली घ्यावी, तर तोही गुन्हा. जाणूनबुजून जागा देणारा घरमालकही दोषी ठरतो. मग तो त्या जोखमीचे पैसे भाड्यातच वसूल करतो. या बाईच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती शिक्षेला पात्र. यात तिचा कॉलेजात शिकणारा मुलगाही येऊ शकतो. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला पोलिसांनी छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले. तरी ही कलमे जागच्या जागी आहेत.

पुण्याच्या रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या देशव्यापी पाहणीत तीन हजार स्त्रियांशी बोलणे झाले होते. त्यांतल्या अनेकींनी आधी शेतमजुरी, धुणीभांडी अशी कामे केली होती आणि तिथली मजुरी पोटाला पुरत नव्हती. तेव्हा ‘सोडतील कशाला?’ असे विचारणाऱ्याने आधी शेतातल्या बाईच्या मजुरीकडे पाहावे.

कपात कमी करता येते. कोलकात्यात सोनागाछी या वस्तीतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी १९९५ मध्ये ‘उषा’ ही स्वतःची सहकारी पतसंस्था उभी केली. सभासदांच्या चारित्र्याची अट आडवी आली; त्यांनी झगडून ती दूर करून घेतली. बचत स्वतःच्या नावावर आली आणि सावकाराशिवाय कर्ज मिळू लागले. गिऱ्हाइकाचा दर एका रुपयानेही न वाढता कमाई वाढू शकते, ती अशी.

म्हणून या धंद्याची पाहणी करणाऱ्याने दर विचारून थांबू नये. दिवसअखेर हाती किती पैसे राहिले? ते कोणाच्या नावावर आहेत? नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येते का? शेवटच्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर मिळाले, तर हाती राहिलेल्या पैशांना कमाई म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.