विरून जाणारा आधार

एका पावसाळ्यात खापा गावातल्या घरी आईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जखमेवर सुती जाळीची पट्टी असे. एक दिवसाआड ती बदलताना मी तिच्यावर कोमट मीठपाण्याची धार धरत असे. तरीही सुताच्या विणीत रुतलेली कोवळी, गुलाबी त्वचा पट्टीसोबत निघून येई. आई ओठ घट्ट मिटून घेई. कन्हानकाठच्या या विणकरांच्या गावात सुताविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना मला ठाऊक नव्हती. परंतु कापसातील सेल्युलोज मानवी शरीराला विरघळवता येत नाही. जखमेचे रक्षण करणारा आधारच भरून येणाऱ्या जखमेला पुन्हा सोलत होता.

त्याच आठवड्यांत शेतात सोयाबीन उगवत होते. दोन जाड बीजदले माथ्यावर घेऊन अंकुर माती फोडतो. दाण्यातील सुमारे ४० टक्के प्रथिन ही त्या अंकुरासाठी बांधून ठेवलेली शिदोरी होय. पाने अन्न तयार करू लागली, की बीजदले पिवळी पडतात, सुरकुततात आणि गळून जातात.

पुढे वाचनातून या दोन अनुभवांचा संबंध उमगला. शरीरातील बहुतेक पेशींना वाढीसाठी केवळ पोषण पुरत नाही; धरून राहायला जागा लागते. प्रयोगशाळेत हे काम बहुधा प्राण्यांपासून मिळणारे कोलॅजन आणि जिलेटिन करतात. आता सोयाबीन, मक्यातील झेइन आणि गव्हातील ग्लूटेन यांपासूनही पातळ पापुद्रे, तंतू व सच्छिद्र जाळ्या घडवल्या जातात. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये, आपल्या स्वयंपाकघरातील सोयावडीसारख्याच सच्छिद्र सोयाप्रथिनावर गाईच्या स्नायूपेशी वाढवून दाखवल्या.

अडचणी आहेतच. काही वनस्पतिप्रथिने पाण्यात लवकर सैल होतात, म्हणून त्यांचे रेणू परस्परांशी बांधून घ्यावे लागतात. त्याहून कठीण प्रश्न वेळेचा आहे. जाळी लवकर विरघळली, तर पेशींची रचना कोसळते; फार काळ टिकली, तर नव्या ऊतीची वाट अडते. पेशी स्वतःचा आधार विणू लागतील, त्याच गतीने तिने विरत जावे, ही तिची खरी कसोटी.

मला वाटते, ही कसोटी प्रत्येक पालकाची, शिक्षकाची आणि शुश्रूषा करणाऱ्याचीही आहे. आधार देताना आपण आपल्या बळाचा विचार करतो, आपल्या मुदतीचा क्वचितच करतो. जखम भरल्यानंतर आईने त्याच हाताने पाण्याची कळशी उचलली, तेव्हा मी ती घ्यायला धावलो. तिने शांतपणे माझा हात बाजूला सारला. शेतातल्या बीजदलांना जे न सांगता कळते, ते मला त्या दिवशी तिच्याकडून शिकावे लागले.