रूप देण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या थोर नगरातून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, अशी नोंद आहे. त्या मलमलीचा अखेरचा गिऱ्हाईक समुद्रापलीकडे राहत होता. त्याने तगर पाहिले नव्हते, विणकराचा चेहरा पाहिला नव्हता, आणि माल खोटा निघाल्यास दाद मागण्यासाठी तो कधी काळी या गावी येण्याचाही संभव नव्हता. ज्याची आपली गाठ आयुष्यात पडणार नाही अशा मनुष्याशी व्यवहार करताना सत्याचे दायित्व किती उरते, हा प्रश्न या भूमीत असा दोन सहस्र वर्षांपूर्वीच उपस्थित झालेला आहे.

आज तोच प्रश्न या जिल्ह्यातील खवा आणि पेढे करणाऱ्या लहान व्यावसायिकापुढे नव्याने उभा राहतो. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात दुभत्या जनावरांनी अनेक संसार तारले; आणि दूध नासते, खवा त्याहून अधिक टिकतो, म्हणून गावोगावच्या भट्ट्यांवर दूध आटू लागले. त्या भट्टीचा मालक आता स्वतःचे संकेतस्थळ करावे असे ठरवतो, पुण्याच्या किंवा सोलापूरच्या डिझायनरला गाठतो, आणि ‘काहीतरी छान करून द्या’ एवढ्या एकाच वाक्यावर आपले सारे रूप त्याच्या हवाली करून मोकळा होतो. माझ्या मते या वाक्यात उद्योगाच्या हानीपेक्षा धर्माची हानी अधिक आहे. कारण आपण कोण आहोत याचा निर्णय करण्याचे जे काम मनुष्याने स्वतःच करावयाचे असते, तेच येथे परक्याच्या कौशल्यावर सोपविले जाते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, प्रदर्शन म्हणजेच अहंकार, आणि सज्जनाने आपल्या मालाचा डांगोरा पिटू नये. हा आक्षेप आदरणीय असला तरी पुरता खरा नाही. निर्गुणाची महती मान्य करूनही आपल्या परंपरेने सगुणाची उपासना टाकली नाही, कारण देहधारी मनुष्याला रूपावाचून आधार सापडत नाही, हे तिने जाणले होते. तुळजापूरच्या भवानीला नवरात्रात वेगवेगळे अलंकार चढतात, कधी रथालंकार, कधी मुरली अलंकार, कधी शेषशायी. परंतु अलंकारापूर्वी अभिषेक असतो, आणि अभिषेकाच्या वेळी मूर्ती आहे तशीच असते. शोभेला या क्रमाने आपली मर्यादा लाभते. जो उद्योग आधी स्वतःला निरलंकृत अवस्थेत पाहून घेतो, त्याला मग कितीही सुंदर रूप द्यावे. ज्याने हे पाहणे टाळले, त्याचे सौंदर्य हाच त्याच्यावरील आरोप होतो.

भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीरपणे घ्यावी लागते. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून जैन समाज या टेकडीला सिद्धक्षेत्र मानतो. याच ठिकाणी सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने देह सोडण्याचे व्रत, घेऊन दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. अंगावरील वस्त्रासह सर्व आवरणांचा त्याग हा ज्यांचा धर्म, त्यांच्या तपाने पावन झालेले नाव आज पेढ्याच्या खोक्यावर छापले जाते, आणि त्या नावाच्या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभले आहे. विक्रेत्याच्या पदरी पडलेली ही प्रतिष्ठा त्याने स्वतः मिळविलेली नाही. ती निःसंग पुरुषांची ठेव आहे, आणि ठेवीचा विश्वस्त मालकाहून अधिक सावध असावा लागतो. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने अचौर्यव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, जे अतिचार (दोष) सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या जोडीला अस्सलाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे नकली देण्याचा व्यवहारही गणला आहे. तो असत्यात न धरता चोरीत धरला, यात त्या शास्त्रकारांची दृष्टी किती सूक्ष्म होती हे दिसते: फसव्या रूपाने गिऱ्हाइकाचा पैसा तर जातोच, पण त्याचा विश्वासही चोरीस जातो. दुसऱ्याच्या भट्टीचे छायाचित्र आपले म्हणून लावणे, यंत्रावर आटविलेल्या खव्यापुढे चुलीवरच्या कढईचे चित्र ठेवणे, नातलगांकरवी समाधानी ग्राहकांचे अभिप्राय लिहवून घेणे, हे सारे त्याच सदरात पडते. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनीही विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. प्राचीन नीती आणि अर्वाचीन कायदा यांची येथे एकवाक्यता होते.

तेव्हा डिझायनरकडे जाण्यापूर्वीची तयारी ही मुख्यतः आत्मपरीक्षणाची तयारी आहे, आणि तिचा तपशील अगदी साधा आहे. एक वही घ्यावी आणि तीत स्वतःच्या हाताने लिहावे: मी नेमके काय करतो, दूध कोठून येते, खवा किती दिवस टिकतो, कोणत्या अंतरापलीकडे तो मी पाठवू शकत नाही, वजन किती, किंमत किती, पोहोचविण्याचा खर्च किती, आणि माल बिघडलेला निघाल्यास मी काय करीन. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक जवळ असावा. भौगोलिक मानांकनाचे चिन्ह वापरावयाचे असल्यास, १९९९ च्या कायद्यान्वये अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी झाली आहे काय, याची खातरजमा करावी. केवळ त्या परिसरात भट्टी आहे एवढ्याने तो हक्क प्राप्त होत नाही. छायाचित्रे आपल्याच भट्टीची, आपल्याच माणसांची आणि त्यांच्या संमतीने घेतलेली असावीत. मजकूर प्रथम मराठीत, आपण गिऱ्हाइकाशी दुकानात बोलतो त्या भाषेत लिहावा. जे वाक्य समोरच्या मनुष्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणता येणार नाही, ते त्या मजकुरातून काढून टाकावे.

डिझायनरचा अधिकारही यामुळे कमी होत नाही, उलट तो स्पष्ट होतो. रंग, अक्षरे, मांडणी, लहानशा मोबाइलच्या पडद्यावर कोणती गोष्ट प्रथम दिसावी, हे त्याचे शास्त्र आहे, आणि तेथे मालकाने हट्ट धरू नये. सत्य काय, हे मात्र मालकाने सांगावयाचे आहे. उभयतांमध्ये लेखी करारनामा असावा. कामाची मुदत, मोबदल्याचे हप्ते आणि पुढील दुरुस्तीची जबाबदारी त्यात नमूद असावी. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी मालकाच्याच नावे असावी आणि पासवर्ड त्याच्याच ताब्यात राहावेत, कारण ज्या घराची किल्ली आपल्यापाशी नाही त्या घरातून बोललेल्या शब्दांची जबाबदारी आपण कशी घेणार?

तरीही स्वतःच केलेली ही परीक्षा अपुरी पडते, आणि याची शिकवण पुन्हा तेरनेच दिली आहे. संत गोरोबाकाका याच गावचे कुंभार. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक तपासले, आणि जे थापटणे लागताच रागावले त्या नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो: नामदेवांनी तो निवाडा अखेर मानला, आणि ते गुरूपदेशासाठी विसोबा खेचरांकडे गेले. भगवंताशी प्रत्यक्ष संवाद करणाऱ्या भक्तालाही स्वतःचे कच्चेपण दुसऱ्याकडून कळावे लागले. मग आपल्या मालाविषयी आपले मत निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा दुकानदाराने का करावी? त्याने आपली वही सर्वांत चिकित्सक गिऱ्हाइकापुढे ठेवावी, भट्टीवर राबणाऱ्या बाईपुढे ठेवावी, शेजाऱ्यापुढे ठेवावी, आणि ते ज्या ओळीवर बोट ठेवतील ती ओळ, अथवा त्या ओळीमागील व्यवहार, मुकाट्याने सुधारावा.

दूरच्या माणसाला आपण दिसत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत धर्म शिथिल होतो, ही समजूत चुकीची आहे; तो आपल्याला पारखू शकत नाही, एवढ्याच कारणाने त्याचा आपल्यावरील हक्क वाढतो. धाराशिवच्या, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक लहान गावच्या व्यावसायिक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे: डिझायनरला बोलावण्यापूर्वी ती वही पुरी करा, आणि तिच्यात जे लिहिता आले नाही ते संकेतस्थळावर येऊ देऊ नका.