राजासारखं वाढवताना

"आमच्या पोराला आम्ही अगदी राजासारखं वाढवलं!" गिरगावपासून लालबागपर्यंत हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. चाळीतल्या एका खोलीत भावंडांबरोबर दाटीवाटीनं वाढलेले आईवडील ते अभिमानानं सांगतात. मुलाला काही कमी पडू दिलं नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. पण खरा राजा कसा वाढला होता?

कागलच्या घाटग्यांचा यशवंत तीन वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याची आई गेली. १८८४ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, दत्तक जाऊन तो 'शाहू' या नावानं कोल्हापूरच्या गादीचा वारस झाला. दोन वर्षांनी जन्मदाते वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला शिक्षक फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण झालं. पुस्तकांच्या जोडीला देशभरचा प्रवास होता. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला.

त्या कॉलेजात इतरही संस्थानांचे राजपुत्र शिकले, पण सगळे काही शाहू झाले नाहीत. राजघराण्यातल्या वाढीतून करुणा आपोआप येत नाही. पोटाची चिंता नसल्यानं दुसऱ्याकडे पाहायला सवड मिळते आणि आपल्या शब्दानं काही घडू शकतं हे कळतं. त्या सवडीचं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

१८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहितानं महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असं कारण दिलं. छत्रपतींच्या गादीवरचा माणूसही जन्मावरून कमी लेखला जातो, तर ज्याच्यापाशी गादी नाही, त्याचं काय होत असेल? आपला मान परत मिळवून महाराज थांबू शकले असते. ते थांबले नाहीत. १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी राहिली. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. भिकेला राजाची मर्जी लागते, हक्काला लागत नाही. महाराजांनी आपल्या मर्जीला हक्काचं रूप दिलं.

गंगाराम कांबळे हे त्यांच्याच पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी त्यांना धंद्याला उभं केलं आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल सुरू झालं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज तिथं गाडी थांबवून चहा मागवत. स्वतः पीत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजत. हॉटेलाला पैसे देणं सोपं होतं. चारचौघांत तो कप ओठाला लावणं अवघड होतं, आणि गंगारामांना गरज त्याचीच होती.

हेच महाराज परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीला आले आणि १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक' या पाक्षिकासाठी त्यांनी २,५०० रुपये दिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीत, पन्हाळा लॉजवर, त्यांनी देह ठेवला.

आता आपल्या मुलांकडे पाहू. मुंबईच्या हार्बर मार्गावरची गाडी रे रोडला थांबते, तेव्हा आपली मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असतात. बाहेर रस्त्याच्या कडेला झोपड्या आहेत. पलीकडे दारूखाना भागात मोडीत निघालेल्या जहाजांचं लोखंड कापणारे कामगार आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून "नीट अभ्यास केला नाहीस तर असं होईल" असं आपण मुलाला सांगतो, तेव्हा त्याला श्रमाची किळस शिकवतो. त्यापेक्षा हे लोखंड कोण कापतं, त्याला काय मजुरी मिळते, हात भाजला तर त्याचं घर कोण चालवतं, हे मुलाला विचारू द्यावं. घरच्या कामवाल्या मावशींना आपण पगारी सुट्टी देतो का, हेही त्यानं आपल्याला विचारावं. उत्तर देताना लाज वाटली, तर आधी आपलं वागणं सुधारावं. मुलाला राजासारखं वाढवायचं, तर त्याची सुरुवात अशी आपल्यापासून करावी लागेल.