उलटा का करायचा?

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा रात्री तिचा फोन आला. जेवणाखाण्याची चौकशी झाली आणि मग जरा दबक्या आवाजात तिने विचारलं, "अरे, अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? आज एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, नियम आहे."

मी इंजिनिअर. मलाही सांगता येईना. "आत्या, ऑफिसचा कॉल आहे, उद्या सांगतो," म्हणालो. कॉल नव्हता.

शोधताना लिपिंग मा यांचं १९९९ सालचं पुस्तक सापडलं. त्यांनी अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांना 'पावणेदोन भागिले अर्धा' यावर एक शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं होतं. कित्येक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागलं. म्हणजे पावणेदोन लिटर दूध दोघांत वाटलं. खरा प्रश्न असा, की तेवढ्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती होतील? साडेतीन. एका लिटरच्या दोन पिशव्या, म्हणून दोनने गुणायचं. उलटं करणं ते एवढंच. चिनी शिक्षकांना हे बरंच चांगलं जमलं, आणि त्यांचं शालेय शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचं होतं. पण त्यांच्याकडे शिक्षक गटाने बसून पाठ्यपुस्तकातल्या अशाच गोष्टींचा खल करतात.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. मी आत्याला विचारलं, "हे तू प्रशिक्षणात का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "सगळ्यांसमोर? वीस वर्षं शिकवतेय मी."

माझा कोड सहकाऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चूक निघाली तर दुरुस्त करतो, चहा पितो. ही चैन आत्याला नाही. यावर कुणी म्हणेल, सॉफ्टवेअरमधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, मुलीचं पाचवीचं वर्ष परत येत नाही. म्हणून शिक्षकाला कडक जाब विचारलाच पाहिजे. मुलीचा हक्क मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण नुसत्या जाबाच्या भीतीने शिक्षक काय शिकतो? 'नियम आहे' म्हणायला. 'मला माहीत नाही' म्हणण्याची किंमत माणसाला परवडणार नसेल, तर त्याच्याकडून प्रामाणिकपणा मागण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो? ५० तासांतला एक तरी तास अशा कबुलीसाठी हवा, आणि तिथे हजेरीपटापलीकडे कसलीही नोंद नको.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला दुधाच्या पिशव्या समजावल्या. तिने त्या वर्गात सांगितल्या, आणि काल आपल्यालाही हे येत नव्हतं, हेही मुलांना सांगितलं.

त्या रात्री ऑफिसचा कॉल नव्हता, हे मी मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.