माझ्या हातून

दुरुस्तीला दिलेली वस्तू दुरुस्त होऊन येते, तशीच परत येते किंवा होती त्याहून अधिक बिघडून येते. पहिल्या प्रकाराचा आपण विचार करीत नाही, दुसऱ्याबद्दल कुरकुरतो. विचार करायला लावतो तो तिसरा. गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकाच्या निमित्ताने हा तिसरा प्रकार माझ्या वाट्याला आला. वस्तू फार मोलाची नव्हती, पण तिने उभा केलेला प्रश्न अजून मनातून जात नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

माझा लॅपटॉप अधूनमधून बंद पडू लागला, तेव्हा तो बेळगावच्या बाजारातल्या एका दुकानात नेऊन दिला. "काय झालं?" असे मालकांनी विचारले. मी म्हणालो, "काही नाही, आपोआप बंद पडतो." हा 'आपोआप' वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. पुढचे चार दिवस "नाळे बर्री" ऐकण्यात गेले. या दोन शब्दांचा कोशातला अर्थ 'उद्या या' असला, तरी व्यवहारातला अर्थ निराळा असतो, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. पाचव्या दिवशी निकाल मिळाला, "मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या." तपासणीचे तीनशे रुपये मोजून यंत्र घरी आणले. नेताना त्याचा पडदा निदान उजळत होता. आणल्यावर तोही उजळेना.

कोणीतरी एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याचे नाव सुचवले. आता ते संगणकही उघडतात. त्यांनी माझ्यासमोरच यंत्र खोलले, दिवा जवळ ओढला आणि भिंग माझ्या हातात दिले. "काका, इकडं बघा." कळफलकाच्या खाली एक तपकिरी, चिकट डाग होता आणि त्याच्या कडेला धातू हिरवट झालेला. "इथं चहा सांडलाय." मग भिंग दुसरीकडे सरकवले. पडद्याची पट्टी ज्या इवल्याशा खाचेत बसते, तिची झडप तुटलेली होती. शेजारी, जिथे आखूड स्क्रू हवा तिथे लांब स्क्रू पिळला होता. त्याचे टोक थेट पाटीत घुसून तिथली तांब्याची रेघ तुटली होती. "आणि हे हाताचं काम."

कोणाच्या हाताचे, असे मी विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या कामावर मी बोलत नसतो. पाटीवर जे आहे ते दाखवलं." थोडे थांबून त्यांनीच पुढे सांगितले की, चहा सांडल्याबरोबर यंत्र बंद करून, बॅटरी काढून ते पुसून घेतले असते, तर इतके झाले नसते. आणि ओल गेली आहे हे त्या दुकानात कळले असते, तर त्यांनीही वीज जोडून पुन्हा पुन्हा चालवून पाहिले नसते. ओलीत वीज खेळली की धातू झपाट्याने झिजतो.

मी संतापून बोलायच्या बेतात होतो, तो गप्प बसलो. कारण तो चहा माझा होता. रात्री लिहिताना कप लवंडला, मी वरवर पुसले आणि दुकानात 'आपोआप' म्हणालो. का म्हणालो? आपली वेंधळी चूक दुकानातल्या पोरासमोर कशाला सांगायची, एवढेच कारण. वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. दुरुस्ती करणाऱ्यापासूनही लपवू नये, हे कोणी शिकवलेले नसते.

म्हणजे त्या एका पाटीवर दोघांची अक्षरे उमटली होती. मी म्हणालो 'आपोआप बंद पडला', दुकान म्हणाले 'मदरबोर्ड गेला'. दोन्ही वाक्यांत कर्ता नाही. भाषेने ही सोय आपल्याला फार सढळपणे दिलेली आहे. कप फुटतो, दूध उतू जाते, किल्ली हरवते. 'मी चूक केली' असे म्हणताना जीभ अडखळते, 'चूक झाली' मात्र सहज येते. आपल्या दुसऱ्या भाषेकडे वळावे, तर तिथेही 'तप्पायितु' तयारच असते. तप्पु आणि आयितु, म्हणजे पुन्हा चूक आणि झाली! सीमेच्या प्रश्नावर दोन्ही भाषांचे एकमत होत नसेल, पण कर्त्याला लपवण्याच्या बाबतीत त्या सख्ख्या बहिणी आहेत.

पण दोन्हींत एक मधली वाट आहे. मराठीत आपण म्हणतो, 'माझ्या हातून चूक झाली'. कानडीत म्हणतात, 'नन्निंद तप्पायितु'. मी ती मुद्दाम केली नाही, पण ती वाऱ्यानेही झालेली नाही; ती या हातातून गेली. यात स्वतःला फटके मारणे नाही आणि पळवाटही नाही. कारागिराच्या नीतीचा विचार करताना मला हे रूप फार मोलाचे वाटू लागले. हात चुकणार नाही, असे वचन कोणताच कारागीर देऊ शकत नाही. चुकला तर तो माझा होता असे सांगेन, एवढे वचन मात्र देता येते.

हे वचन आजच इतके महत्त्वाचे का? कल्हई नीट लागली की नाही, ते भांडे हातात घेताच दिसते. सोनाराने सोने डोळ्यांदेखत आटवावे, असा रिवाज पडला तोही गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर विसंबून. संगणकाच्या पाटीपुढे गिऱ्हाइकाचा डोळा निकामी ठरतो. बिघाड कोणता, तो आधीचा की नंतरचा, हे सांगणारा आणि लपवू शकणारा माणूस एकच असतो. जिथे पाहणारे कोणी नसते, तिथे सगळा भार सांगणाऱ्याच्या खरेपणावर येऊन पडतो.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, म्हणजे जो ग्रंथ म्हैसूरच्या शामाशास्त्रींनी १९०९ साली छापून जगापुढे आणला त्यात, परटाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर धुवावेत, नाहीतर नुकसान भरून द्यावे आणि वर सहा पण दंड सोसावा, असा नियम आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलम सांगते की, विश्वासाने हवाली केलेली वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जितक्या काळजीने सांभाळील, तितक्या काळजीने सांभाळावी. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने सेवेतल्या उणिवेबद्दल दाद मागण्याची सोय केली. तक्रार करायची असे ठरवून मी ही कलमे चाळत होतो. तेव्हा १५१ च्या आधीचे १५० वे कलम नजरेस पडले. वस्तू देणाऱ्याने तिच्यातला आपल्याला ठाऊक असलेला घातक दोष घेणाऱ्याला सांगितला पाहिजे, असा त्याचा आशय. माझ्या चहाला ते तंतोतंत लागू पडेल की नाही, ते वकील सांगतील. मला मात्र ते वाचून पुढचे कलम वाचवेना.

तरी दुकानात गेलो. जिना चढताना पहिले वाक्य कोणते बोलावे, हे ठरत नव्हते. शेवटी म्हणालो, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. माझ्या हातून चहा सांडला होता." मालकांना हायसे वाटले. "बघा, तुम्हीच सांगताय! मग आमचा काय दोष?" खरे बोलण्याची किंमत जागच्या जागी वसूल झाली. मी स्क्रूची आणि झडपेची गोष्ट काढली; त्यांनी ती झटकून टाकली. तेवढ्यात मागच्या टेबलावरचा मुलगा, मान खाली ठेवूनच, बोलला, "स्क्रू नंद री. नन्निंद तप्पात्री." मालकांनी त्याच्याकडे असे पाहिले की, त्याने खोटे बोलायला हवे होते असे वाटावे. मग गल्ल्यातून तीनशे रुपये काढून ते माझ्यापुढे टाकत म्हणाले, "त्याच्या पगारातून कापतो."

इथे माझा खरा प्रश्न सुरू होतो. पैसे घ्यावेत, तर खरे बोलणाऱ्याला दंड होतो. न घ्यावेत, तर निष्काळजीपणा फुकट सुटतो. मला असे वाटते की, आपण भरपाई आणि शिक्षा या दोन गोष्टींची गल्लत करतो. वस्तू मी दुकानाच्या हवाली केली होती, मुलाच्या नव्हे. सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकायची पद्धत दुकानाची, त्याच्या टेबलावर भिंग नव्हते तेही दुकानाचेच. तेव्हा भरपाई दुकानाने दिली पाहिजे. कबुलीबद्दल शिक्षा मात्र होता कामा नये. कारण तो मुलगा पुढच्या वेळी गप्प बसायला शिकेल आणि त्या गप्प बसण्याची किंमत माझ्यासारखा दुसरा कोणी मोजेल. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी स्वतःच्या चुका कळवण्याची एक व्यवस्था आहे. जाणूनबुजून न केलेली चूक वेळेत कळवली, तर दंड माफ होऊ शकतो. चूक लपली तर विमान पडते, हे तिथे उमगले आहे. आपल्या दुकानात, कचेरीत आणि घरातसुद्धा हे उमगायचे राहिले आहे. 'कप कोणी फोडला?' असे ओरडून विचारणाऱ्या घरात कप नेहमी आपोआपच फुटतात.

मी पैसे घेतले आणि मालकांना म्हणालो, "हे दुकानाचे म्हणून घेतो. त्याचे कापणार असाल तर परत ठेवतो." ते काहीसे ओशाळून म्हणाले, "बरं, नाही कापत." मुलाने वर पाहिले नाही. तो दुसऱ्या कुणाचे तरी यंत्र उघडत होता.

रेडिओवाल्यांनी तुटलेली रेघ केसासारख्या तारेने जोडली, खाच बदलली, डाग धुऊन काढला आणि अठराशे रुपये घेतले. देताना जोड दाखवून म्हणाले, "ही तार दिसणार. लपवायची असती तर लपवता आली असती, पण पुढं कुणी उघडलं तर त्याला कळायला हवं." हा लेख त्याच यंत्रावर लिहिला आहे. चहाचा कप आता दुसऱ्या टेबलावर असतो.