रंग हुकलेला चित्रकार

पलूसच्या पट्ट्यात काळ्या द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं की हिरव्या घडात आधी एखाददुसरा मणी तांबूस दिसतो, मग बघता बघता सगळा घड जांभळा पडतो. बागायतदाराला ते बांधावरूनच कळतं. पण ज्याच्या डोळ्याला लाल-हिरव्यातला फरक धड उमगत नाही, त्याला तो पहिला मणी पानांच्या गर्दीत सापडायचा नाही. त्याला घड बोटांनी चाचपूनच बघावा लागेल.

याच पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या माणसाचंही रंगांशी नीट जमलं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. लहानपणापासून दोनच वेडं, यंत्रं आणि चित्रं. १८८५ साली वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामूअण्णांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रेखाटनात हात चांगला होता. रंग हाती आले आणि घोटाळा उघडा पडला. त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नव्हते. चित्रकलेचं शिक्षण तिथेच सुटलं.

काळ कुठला, तेही बघा. अकरा वर्षांपूर्वी, १८७४मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात मोनेचं सूर्योदयाचं चित्र लागलं होतं, ज्याच्या नावावरून चित्रकारांच्या एका अख्ख्या पंथाला नाव मिळालं. करड्या-निळ्या धुक्यात नारिंगी सूर्याचा एक ठिपका. त्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण तो भोवतालच्या आभाळाहून फारसा उजळ रंगवलेलाच नाही. त्याचा सगळा झगझगाट निव्वळ रंगाचा. तिकडे चित्रकार रेषा बाजूला सारून रंगावर भिस्त ठेवत होते आणि इकडे एका पोराजवळ नेमकी रेषाच तेवढी शिल्लक राहिली होती.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवू लागले, मग बेळगाव, सायकली, लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर जमीन दिली आणि १९१०मध्ये वाडी उभी राहिली. हे सांगून झालं की सांगणारा हटकून म्हणतो, बरं झालं चित्रकार झाले नाहीत, नाहीतर कारखाना कुठून आला असता? मला हे बोलणं कधीच रुचलं नाही. कारखान्याचं मोठेपण कारखान्यापाशी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून त्याचं आवडतं काम सुटलं, त्याची भरपाई नांगराच्या खपाने कशी होईल? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांची वजाबाकी मांडायचं कारण नाही.

आणि चित्रं त्यांच्या आसपासून हललीही नाहीत. जमीन देणारे बाळासाहेब स्वतः चित्रकार. रामायणातले प्रसंग त्यांनी हौसेने रंगवले, औंधला चित्रशिल्पांचं संग्रहालय उभारलं. पुतणे शंकरराव तर लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आले. (वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे सातवळेकर, तेव्हा पोटासाठी चित्रं काढत.) शंकररावांनी वाडीला येऊन जाहिराती केल्या, व्यंगचित्रं काढली आणि १९२०पासून ‘किर्लोस्कर’ मासिक चालवलं. काकांना जे साधलं नाही ते पुतण्याने त्याच माळावर केलं.

हल्ली पहाटे पलूस-कुंडलच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. त्यांतला एखादा धावण्यात, उंचीत, छातीत सगळीकडे पास होतो आणि मेडिकलला डॉक्टर ठिपक्याठिपक्यांचं पान पुढे धरतात. बाकीच्यांना त्यात आकडा दिसतो, याला नुसते ठिपके. दोन-तीन वर्षांची मेहनत तिथे थांबते. रंग ओळखण्याची ही तपासणी १९१७ साली इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टराने बसवली. चार-पाच मिनिटांत होते, डोळ्यात थेंबसुद्धा टाकावा लागत नाही. चित्रकलेच्या तासाला पोराने झाडाचा शेंडा तपकिरी रंगवला म्हणून त्याला ओरडण्याआधी सरांनी ते पान एकदा त्याच्यापुढे धरलं, तर त्याला ही गोष्ट विसाव्या वर्षी मेडिकलला नाही, सहावी-सातवीतच कळेल.